सिलाओसचा घाट आणि धाग्यांची जाळी

आज आपण तिकीट न काढता एका लांबच्या गावाला जाऊन येऊ.

हिंदी महासागरात, मॉरिशसच्या शेजारी, रियुनियन नावाचं फ्रान्सचं बेट आहे. सगळं बेट ज्वालामुखीतून वर आलेलं. जमिनीखालच्या ज्या तप्त जागेतून सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण बाहेर पडला, त्याच जागेवर पुढे हे बेट तयार झालं, असं भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे दगडाच्या नात्यानं आपण जवळचेच!

या बेटावर, उंच कड्यांच्या कुशीत, सिलाओस हे गाव आहे. उंची सुमारे १,२०० मीटर. घाटाला चारशे वळणं आहेत म्हणतात. गुलामीतून पळालेली माणसं पूर्वी या डोंगरात लपून राहायची. गाडीरस्ता होण्याआधी गरम पाण्याच्या झऱ्यांवर उपचाराला येणारे पायी चढत, नाहीतर खुर्चीच्या डोलीत बसून येत.

इथला मसूर प्रसिद्ध आहे. डोंगरातल्या लहान लहान तुकड्यांत तो पिकतो. बाहेरून येणारा मसूर स्वस्त, तरी लोक सिलाओसचा मागून घेतात.

दुसरं नाव आहे भरतकामाचं. १९०० च्या सुमारास आंजेल मॅकऑलिफ या डॉक्टरांच्या मुलीनं गावातल्या मुलींना ते शिकवायला सुरुवात केली. यात कापडावर नुसते टाके घालत नाहीत. आधी कापडातले काही धागे मोजून ओढून काढतात. उरलेले धागे सुईनं बांधून जाळीची नक्षी करतात. एक धागा चुकीचा निघाला की नक्षी बिघडते. म्हणून लहानशा रुमालालाही खूप वेळ लागतो.

आता आमची गोष्ट. आमच्या गटानं कापडी पिशव्या केल्या. व्यापाऱ्यानं दर पाडला आणि आम्ही गप्प बसलो. एका पिशवीला किती तास लागतात, हे आम्हालाच सांगता येईना. हिशेबात कापड होतं, दोरा होता, फक्त आमचे हात नव्हते.

सिलाओसमध्ये भरतकामासाठी वेगळं घर आहे. तिथे बाया काम करताना पाहुण्यांना दिसतात. किती धागे, किती वेळ, हे डोळ्यांनी पाहिलं की किंमत समजते.

आता आम्ही प्रत्येक पिशवीचे तास वहीत लिहितो आणि चिठ्ठीवर गावाचं नाव घालतो. तुमच्या पुढच्या बैठकीत एवढंच करा: एक वस्तू घ्या, घड्याळ लावा आणि तास लिहा. दर मग ठरवा.