पडदा काळा, दोष लिनक्सला

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चे मोफत अपडेट थांबवले. ज्या डेस्कटॉपला विंडोज ११ झेपत नाही पण जो अजून ठणठणीत आहे, त्यावर उबुंटू नाहीतर मिंट हे लिनक्स टाकणं हा मग सरळ मार्ग ठरतो. इंदूरच्या मराठी घरांत त्याला लागूनच पुढचा प्रश्न येतो. मुलगी पुण्यात नोकरीला, यंत्र रामबागेत किंवा लोकमान्य नगरात आई-बाबांपाशी. सिमरोलच्या आयआयटीतला विद्यार्थी सुट्टीत घरी, त्याचं काम अडकलेलं तिकडे खंडवा रोडवरच्या प्रयोगशाळेतल्या लिनक्स यंत्रात. दोघांनाही लांबून तोच डेस्कटॉप हवा असतो, आणि पहिला काळा पडदा दिसला की दोघंही म्हणतात, लिनक्सवर हे धड चालतच नाही.

चालतं. पण ‘कनेक्ट होत नाही’ या एका तक्रारीत तीन वेगळ्या भानगडी असतात. बराच वेळ वाट पाहून ‘टाइम आउट’ आलं, तर तुम्ही यंत्रापर्यंत पोहोचलातच नाही: वाट बंद आहे, फायरवॉल आहे किंवा यंत्र झोपलंय. लगेच ‘रिफ्यूज्ड’ आलं, तर बहुधा यंत्रापर्यंत पोहोचलात, पण त्या पोर्टवर ऐकणारं कुणी नाही. पासवर्ड घेतला आणि मग काळं झालं, तर वाटही ठीक आणि सर्व्हरही ठीक. तिकडे डेस्कटॉप उभा राहिला नाही. ही तिसरी अडचण असताना लोक राउटर बदलत बसतात.

‘लिनक्सला ही सोय मागाहून जोडलीय’

उलट आहे. एमआयटीत १९८४ला सुरू झालेल्या एक्स विंडो सिस्टिममध्ये प्रोग्रॅम एका यंत्रावर आणि त्याची खिडकी दुसऱ्यावर, ही कल्पना पायापासूनच होती. विंडोजची लांबून डेस्कटॉप चालवायची पद्धत, आरडीपी, आली १९९८ला.

आज गोंधळ होतो तो एक्सची जागा घेणाऱ्या वेलँडमुळे. एक्समध्ये कुठलाही प्रोग्रॅम दुसऱ्याची खिडकी बघू शकायचा, त्याची टाइप केलेली अक्षरं वाचू शकायचा. वेलँडने हे मुद्दाम बंद केलं. त्यामुळे चालू पडदा थेट उचलणारं एक्स-इलेव्हन-व्हीएनसी तिथे निकामी ठरतं, आणि सात-आठ वर्षांपूर्वीची कृती जशीच्या तशी करणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. उबुंटू २२.०४पासून शेअरिंग व्हीएनसी या जुन्या पद्धतीऐवजी मुख्यतः आरडीपीवर गेलं, आणि २५.१०मध्ये तर नोम डेस्कटॉपचं एक्सवरचं सेशनच उरलं नाही. तेव्हा कुठलीही कृती वाचायच्या आधी आपलं सेशन वेलँडचं की एक्सचं, ते सेटिंग्जमधल्या ‘अबाउट’ पानावर बघून घ्यावं.

‘बाबांना जे दिसतंय तेच मला दिसणार’

हे तुम्ही काय बसवलंय त्यावर आहे. उबुंटू २४.०४च्या सेटिंग्जमध्ये दोन वेगळी बटणं आहेत. ‘डेस्कटॉप शेअरिंग’ म्हणजे समोर चालू असलेला पडदाच दाखवणं. बाबांना प्रिंटर जोडून द्यायचा असेल तर हेच हवं. पण त्यासाठी ते लॉगिन झालेले असायला हवेत, आणि पडदा लॉक झाला की हेही थांबतं. ‘रिमोट लॉगिन’ म्हणजे कुणीही बसलेलं नसताना लांबून स्वतःचं सेशन सुरू करणं. ही सोय नोममध्ये २०२४ला, ४६व्या आवृत्तीत आली.

रिमोट लॉगिनमध्ये ‘पासवर्ड चुकतोय’ ही तक्रार हमखास येते. तिथे दोन पासवर्ड असतात: आधी त्या सेटिंग्जच्या पानावर ठरवलेला, मग नेहमीचा लॉगिनचा. लोक पहिल्या खिडकीत दुसरा घालतात. शेअरिंगमध्ये वेगळीच गंमत: त्याचा पासवर्ड लॉगिनच्या कीरिंगमध्ये, म्हणजे पासवर्डांच्या तिजोरीत, ठेवलेला असतो. यंत्र ऑटोमॅटिक लॉगिनवर असलं तर कीरिंग बंदच राहतं, आणि पासवर्ड अगदी बरोबर असूनही आत घेत नाही.

‘काळा पडदा म्हणजे नेट हळू’

नोमच्या शेअरिंगऐवजी एक्सआरडीपी हा वेगळा आरडीपी सर्व्हर वापरणाऱ्यांनी हे लक्षपूर्वक वाचावं. एक्सआरडीपी त्याच्या नेहमीच्या रचनेत समोरचा पडदा दाखवत नाही, नवीन सेशन उघडतो. आता समजा रामबागेतल्या यंत्रावर तुमच्याच नावाने डेस्कटॉप आधीच उघडा आहे. एकाच वापरकर्त्याचे सगळे प्रोग्रॅम एकमेकांशी ज्या डी-बसवरून बोलतात ती आजच्या लिनक्समध्ये त्या वापरकर्त्यासाठी एकच असते, आणि नोम त्याच नावाने दुसऱ्यांदा उभा राहू पाहतो तेव्हा पहिल्यावर आदळतो. परिणाम: पासवर्ड स्वीकारला, क्षणभर पडदा काळा, आणि खिडकी बंद. नेट कितीही वेगवान असो, हे असंच होणार.

उपाय साधा: निघताना लॉगआउट करून निघावं. नुसतं लॉक केलेलं चालत नाही. पुण्यात पोहोचल्यावर आठवलं तर एसएसएचने, म्हणजे लांबून आज्ञा देण्याच्या सोयीने, आत शिरून लॉगिनसीटीएल या आज्ञेने कुठली सेशनं उघडी आहेत ते बघता येतं आणि नको ते बंद करता येतं. मात्र त्यातलं न साठवलेलं काम जातं. म्हणूनच माझा आग्रह: रिमोट डेस्कटॉपच्या आधी एसएसएच बसवा. आत जायला दुसरा रस्ता नसेल तर दुरुस्तीसाठी बाबांनाच फोनवर आज्ञा टाइप करायला सांगावी लागते, आणि एका स्पेसवरून दोघांचाही संयम सुटतो.

लॉगआउट करूनही काळंच राहिलं, तर एक्स-ऑर्ग-एक्सआरडीपी हे जोडपॅकेज बसलंय का ते तपासावं. तेही असेल तर एक्सएफसीईसारखा हलका डेस्कटॉप बसवून एक्सआरडीपीला तो उघडायला सांगावा. कारण शोधायला अंदाज बांधू नये. सेसमन नावाच्या लॉग फाइलच्या शेवटच्या ओळी वाचाव्यात. सेशन सुरू होऊन लगेच संपलं का, ते तिथे वेळेसकट लिहिलेलं असतं.

आणखी एक: नोमचं शेअरिंग चालू ठेवून वर एक्सआरडीपीही बसवू नये. दोघांनाही ३३८९ हेच पोर्ट हवं असतं.

‘राउटरवर ३३८९ उघडला की काम झालं’

पुष्कळदा काहीच होत नाही. आयपीव्ही४चे पत्ते पुरत नाहीत म्हणून अनेक कंपन्या कितीतरी घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. राउटरच्या पानावर इंटरनेटचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यामध्ये सुरू होणारा दिसला, तर तुम्ही त्या सामायिक पत्त्यामागे आहात. तुमच्या राउटरवर उघडलेलं पोर्ट बाहेरून कुणाला दिसणारच नाही.

आणि दिसत असेल तर जास्त काळजी करा. इंटरनेटवरची उघडी पोर्टं यंत्रं रात्रंदिवस चाचपत असतात. ३३८९च्या जागी दुसरा आकडा घातल्याने थोडा आवाज कमी होतो, सुरक्षा वाढत नाही. जुन्या पद्धतीच्या व्हीएनसीचं तर विचारू नका: पासवर्ड कितीही लांब ठेवा, पहिली ८ अक्षरंच धरली जातात, आणि पडद्यावरचं सगळं उघडंच प्रवास करतं.

वायरगार्ड किंवा त्यावर उभं टेलस्केल दोन्ही यंत्रांवर बसवलं की दोघांमध्ये खासगी वाट तयार होते. टेलस्केलला तर सामायिक पत्त्याचाही अडथळा होत नाही, आणि राउटरला हात लावावा लागत नाही. संस्थेतल्या यंत्रासाठी मात्र हे परस्पर करू नये. तिथला व्हीपीएन संगणक केंद्राकडून मागून घ्यावा.

‘यंत्र चालू ठेवलंय, मग पोहोचेनच’

काही वितरणांत लॉगिनच्या पडद्यावर थांबलेलं यंत्र थोड्या वेळाने आपोआप झोपतं. सस्पेंड बंद करावं, आणि ते लॉगिन पडद्यासाठीही बंद झालंय ना हे बघावं. वीज जाऊन आल्यावर यंत्र आपोआप सुरू व्हावं म्हणून बायोसमध्ये वेगळी सेटिंग असते. आणि बसवताना डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर ही सेटिंगही पुरत नाही: सुरू होताना यंत्र पासफ्रेज मागत थांबतं, नेटवर्क उठायच्या आधीच. अशा वेळी पासफ्रेज बाबांना सांगून ठेवावा लागतो.

शेवटी मराठी टायपिंग. आरडीपीवरून सहसा अक्षर जात नाही, कुठली कळ दाबली ते जातं. अक्षर तिकडे ठरतं. म्हणून मराठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक इंदूरच्या यंत्रावर चालू हवा आणि पुण्याच्या लॅपटॉपवर इंग्रजी. दोन्हीकडे मराठी चालू ठेवलं की ‘क्ष’च्या जागी भलतंच उमटू शकतं.