गरम चहाने ग्लास तडकतो, मग परीक्षानळी का नाही? समजून घ्या बोरोसिलिकेट काच

रानशेत (ता. डहाणू) : उकळता चहा साध्या काचेच्या ग्लासात ओतला की कधी कधी टचकन आवाज येतो आणि ग्लास तडकतो. जवळ लहान मूल असेल तर भाजण्याचा धोका मोठा. पण शाळेतली परीक्षानळी दिव्याच्या ज्योतीवर धरली तरी टिकते. कारण ती बोरोसिलिकेट काचेची असते.

फरक कशात?
साधी काच वाळू, सोडा आणि चुनखडी वितळवून बनते. बोरोसिलिकेटमध्ये सुमारे ८० टक्के सिलिका आणि १२-१३ टक्के बोरॉन ऑक्साइड असतं, सोडा अगदी कमी. त्यामुळे काचेची आतली वीण घट्ट राहते.

गरम चहा पडला की ग्लासची आतली बाजू प्रसरण पावते, बाहेरची थंडच राहते. या ओढाताणीत काच तडकते. १ मीटर लांब साधी काच १०० अंशांनी तापली तर सुमारे ०.९ मिलिमीटर वाढते. बोरोसिलिकेट फक्त ०.३३ मिलिमीटर.

जर्मनीत ऑटो शॉट यांनी १९व्या शतकाच्या अखेरीस ही काच तयार केली. १९१५ मध्ये अमेरिकेत पायरेक्स भांडी आली. भारतात १९६२ मध्ये बोरोसिल कंपनी सुरू झाली.

ही काळजी घ्या
• ही काचही फुटते. ओव्हनमधून काढलेलं भांडं ओल्या ओट्यावर ठेवू नका, त्यावर गार पाणी ओतू नका.
• भांड्यावर तसं लिहिलेलं नसेल तर थेट गॅसवर किंवा चुलीवर ठेवू नका.
• चरा किंवा तडा गेलेलं भांडं गरम पदार्थांसाठी वापरू नका.
• साधाच ग्लास असेल तर आधी कोमट पाण्याने विसळा, मग चहा ओता.
• खरेदी करताना 'बोरोसिलिकेट' हा शब्द बघा. नुसती जाड काच म्हणजे मजबूत नव्हे. गरम-गार झाल्यावर जाड काच लवकर तडकते.

सोलरवाल्यांनी लक्ष द्या
सोलर हिटरच्या काचेच्या नळ्याही बोरोसिलिकेटच्याच असतात. टाकी रिकामी असेल तर उन्हात या नळ्या २०० अंशांच्या वर तापू शकतात. भर दुपारी त्यात गार पाणी सोडलं तर नळी फुटू शकते. म्हणून पाणी पहाटे किंवा सूर्य मावळून नळ्या निवल्यावरच भरा.

फुटलेले तुकडे जाड कागदात गुंडाळा. भंगारात देताना साध्या बाटल्यांत मिसळू नका; ही काच जास्त तापमानाला वितळते, त्यामुळे सगळा माल खराब होतो.