‘आता याचा पार्ट येत नाही’

उधना आणि सचिन या दोन स्थानकांच्या मधलं भेस्तान म्हणजे लूमच्या खडखडाटाचा मुलूख. जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेली कितीतरी मराठी कुटुंबं सुरतच्या या पट्ट्यात स्थिरावली. त्यातले सगळेच काही लूमवर नाहीत. कुणी ग्रिल-शटर बनवतं, कुणी फर्निचरची कामं घेतं. अशा गाळ्यात दहा-बारा वर्षं राबलेलं ग्राइंडर बंद पडलं की एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘हे मॉडेल बंद झालं, आता याचा पार्ट येत नाही.’

यातला पहिला अर्धा भाग बहुतेक वेळा खरा असतो. दुसऱ्यावर लगेच विश्वास ठेवू नये.

मशीनमधले सगळे भाग ते मशीन विकणारी कंपनी बनवते, हाच मुळात गैरसमज. बेअरिंग घ्या. ती बेअरिंगच्या कारखान्यातून येते आणि तिची मापं आंतरराष्ट्रीय प्रमाणाने ठरलेली असतात. कडेवर ६०८ कोरलेलं असेल तर आतलं भोक ८ मिमी, बाहेरचा व्यास २२ आणि जाडी ७, मग ती ड्रिलमधली असो की पोरांच्या स्केटच्या चाकातली. आकड्यापुढची अक्षरं मात्र सोडून चालत नाही. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण, २आरएस म्हणजे रबरी सील. फरशीची धूळ खाणाऱ्या मशीनमध्ये मुळात रबरी सील असेल तर स्वस्तात मिळालं म्हणून पत्र्याचं बसवणं महागात पडतं.

कार्बनचंही, म्हणजे मोटरच्या कार्बन ब्रशचंही, तसंच. ‘त्याच नंबरचा कार्बन नाही’ म्हणून मशीन कपाटावर टाकणारे पुष्कळ. पण कार्बन हा अखेर ग्राफाइटचा ठोकळा. जाडी, रुंदी, लांबी व्हर्निअरने मोजावी आणि जवळचा थोडा मोठा घेऊन सपाट काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर घासून आणावा, हा कारागिरांचा जुनाच उपाय. त्याची स्प्रिंग, तार आणि टोपी जुन्यासारखी हवी, आणि जोडी एकदमच बदलायची. लहान कार्बन कधीही बसवू नये. तो पकडीत डगमगतो, ठिणग्या उडवतो आणि ज्या तांब्याच्या पट्ट्यांवर घासतो तो कम्यूटेटरच शेवटी खातो.

काही वेळा भाग मिळत नाही, कारण नाव बदललेलं असतं. हिताची नावाची मशीनं दिसेनाशी झाली तेव्हा कंपनी बुडाली असा अनेकांचा समज झाला. प्रत्यक्षात हिताची कोकी ही कंपनी २०१७ साली केकेआर या अमेरिकी गुंतवणूकदार संस्थेने घेतली आणि ऑक्टोबर २०१८ पासून तिची मशीनं हायकोकी नावाने येऊ लागली. जुन्या हिताचीच्या भागांची चौकशी म्हणूनच नव्या नावाच्या वितरकाकडे करायची. मशीनवरच्या पाटीवर मोठ्या अक्षरातल्या मॉडेलखाली बारीक टाइप नंबर असतो. बॉशच्या मशीनवर तो दहा आकड्यांचा. मॉडेल एकच, पण टाइप नंबर वेगळा असला तर आर्मेचरही, म्हणजे मोटरचा फिरता भागही, वेगळं निघू शकतं. दुकानात फोटो दाखवायचा तो या पाटीचा. मशीनच्या रंगावरून पार्ट देणारा दुकानदार अजून जन्माला यायचाय.

जळालेल्या आर्मेचरबद्दल लूमच्या वस्तीत वेगळाच गैरसमज आढळतो. इथे मोटर भरून देणारी दुकानं हाकेच्या अंतरावर, म्हणून ‘टाक त्याच्याकडे’ असं सहज म्हटलं जातं. पण लूमची मोटर इंडक्शन जातीची, मिनिटाला साधारण १,४४० फेऱ्यांची, आणि तिची कॉइल स्थिर भागात असते. चार इंची ग्राइंडरची चकतीच मिनिटाला सुमारे ११,००० फेऱ्या घेते, तर आर्मेचर त्याहून कितीतरी वेगाने फिरतं. तिथे तारेचा गेज आणि वेढे मोजून भरायचे, वार्निश भट्टीत पक्कं करायचं, कम्यूटेटर लेथवर साफ करून पट्ट्यांमधला अभ्रक किंचित खाली कोरायचा, वर तोल साधायचा. हे करणारा कारागीर भेटला तर भरलेलं आर्मेचरही छान चालतं. आणखी एक: पाटीवर चौकोनात चौकोन असेल तर मशीन दुहेरी इन्सुलेशनचं आहे. त्याला अर्थिंग नसतं, म्हणून शाफ्टवरचं इन्सुलेशन काढून टाकणारी दुरुस्ती शॉकला आमंत्रण देते.

जुनी निकेल-कॅडमियम बॅटरी मेली म्हणून कॉर्डलेस ड्रिल टाकून द्यायचीही गरज नाही. १२ व्होल्टच्या पॅकमध्ये १.२ व्होल्टचे दहा सेल असतात, ते नवे जोडून मिळतात. त्या जागी लिथियमचे सेल घालून जुनाच चार्जर लावणं मात्र आगीशी खेळ.

‘कायद्याने दहा वर्षं पार्ट द्यावेच लागतात’ हेही छातीठोकपणे सांगितलं जातं, पण त्यावर विसंबू नये. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने आधी निवडलेली क्षेत्रं चार: शेतीची अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं. कारागिराचं ग्राइंडर त्या यादीत नावानिशी नाही.

उरतात ते खरोखर त्या मॉडेलचेच भाग: गिअर, गिअरचं घर, बॉडी. त्यांच्यासाठी त्याच टाइप नंबरचं दुसरं मेलेलं मशीन भंगारवाल्याकडे शोधावं. आर्मेचर जळालेलं असलं तरी चालेल. स्पिंडल हाताने फिरवून दात अडकतात का, तेवढं घेण्याआधी पाहावं, आणि गिअर घ्यायचा तर पिनियनसकट जोडीच घ्यावी.