स्वमग्न मूल आणि घरचें गणित

केशवसुतांच्या या मालगुंडांत शब्दाला मोठा मान आहे. म्हणूनच कीं काय, मूल शंभरापर्यंत उजळणी घडाघडा म्हणूं लागलें कीं त्यास गणित आलें असें घरच्यांस वाटतें. आणि जें बोलत नाहीं तें मंद ठरतें. स्वमग्न मुलांविषयीं या दोन्ही समजुती फसव्या आहेत.

स्वमग्नता म्हणजे वेड नव्हे, आईबापांच्या संगोपनाचा दोषही नव्हे. मेंदूची घडण निराळी असल्यामुळें अशा मुलांस बोलणें, मिसळणें, कित्येकांस गलका किंवा स्पर्श सोसणेंही जड जातें. डॉ. लिओ कॅनर यांनीं अशा अकरा मुलांचें वर्णन १९४३ सालीं प्रसिद्ध केलें.

उजळणी म्हणणाऱ्या अशा मुलापुढें चिंचोक्यांची रास ठेवून ‘पांच दे’ असें सांगून पाहावें. पुष्कळदां तें मूठभर देतें. संख्या जिभेवर आहे, हातांत नाहीं. तेव्हां पांच करवंट्या ओळीनें मांडून प्रत्येकींत एकेक चिंचोका घालावयास लावावें. शब्द थोडे, जागा तीच, वेळ तीच. किती करवंट्या उरल्या हें डोळ्यांस दिसतें, म्हणून मूल स्वस्थ राहतें. न बोलणाऱ्या मुलानें बोटानें दाखविलें तरी तें उत्तरच होय.

चिंचोक्यांवर पांच शिकलेलें मूल काजूच्या बियांपुढें गोंधळतें, तेव्हां आईस फार वाईट वाटतें. परंतु तें विसरलेलें नसतें. ‘पांच’ हें चिंचोक्यांचेंच नांव अशी त्याची समजूत झालेली असते. म्हणून वस्तू बदलाव्या, पण एका वेळीं एकच: बिया, मग शिंपले, मग ताटांतलीं घावनें. ओल्या वाळूपासून हात मागें घेतला तर बळजबरी करूं नये.

हीं साधनें हलकीं समजूं नयेत. माँटेसोरीबाईंनीं आपल्या पद्धतीचा आरंभ रोममध्यें मंदबुद्धि म्हणून टाकलेल्या मुलांपासूनच केला. आणि १९४५ पासून बोर्डीस ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं गांवांतल्याच वस्तूंवर बालशिक्षण उभें केलें.

दहाच्या पुढें आमची भाषाच आडवी येते. ‘एकोणतीस’ या नांवांत वीसही नाहीं, नऊही नाहींत! २०१९ सालीं दुसरीच्या पुस्तकांत ‘वीस एक’ अशी वाचनरीति आली तेव्हां पुष्कळ थट्टा झाली. आम्हांस ती थट्टा अस्थानीं वाटली. दहा हिरांची जुडी सुंभानें बांधावी. दोन जुड्या व पांच सुटे हीर म्हणजे वीस आणि पांच. ‘पंचवीस’ हें नांव मागाहून द्यावें.

त्यानंतर नाणीं हातीं द्यावीं, आणि एकाच दुकानांतून एकच जिन्नस आणावयास पाठवावें. पैसे मोजून होईपर्यंत घाई करूं नये, एवढें दुकानदारास आधीं सांगून ठेवावें.