राखेच्या बेटावर

बेथेस्डाच्या २००२ सालच्या ‘मॉरोविंड’ या गेममधली चित्रं आज ओबडधोबड दिसतात, तरी त्यातलं व्हार्डनफेल बेट खरं वाटतं. बेटाच्या मधोमध ज्वालामुखी आहे. राखेचं वादळ सुटलं की माणसं हात आडवा धरून तोंड झाकतात. तेल्वानी घराण्याचे जादूगार प्रचंड अळंब्यांच्या मनोऱ्यांत राहतात आणि त्यांच्या दालनाकडे जायला जिनाच नसतो! ज्याला हवेत तरंगता येत नाही त्याने भेटायला येऊच नये, हा त्यांचा ताठा ती इमारतच सांगते. कुठे जायचं हे दाखवणारा बाणही पडद्यावर नाही. लोक तोंडी खुणा सांगतात, त्या ऐकून वाट शोधावी लागते आणि ती पाठ होते. नव्याने खेळणाऱ्यांनी निदान सुरुवातीला तरी इंटरनेटवरचे नकाशे उघडू नयेत.