पोथीतील अपपाठ आणि प्रक्षेप : कर्करोगाच्या उत्पत्तीसंबंधी काही विचार

नाशिक शहराच्या दक्षिणेस त्रिरश्मी डोंगरात जी लेणी आहेत, त्यांच्या भिंतींवर नहपानाचा जावई उषवदात याचे आणि राजमाता गौतमी बलश्री हिचे प्राकृत लेख कोरलेले आहेत. ते कोरताना पाथरवटाच्या हातून एखादे अक्षर चुकले असेल, तर ती चूक आज सुमारे एकोणीस शतकांनंतरही तेथेच आणि तेवढीच आहे. शिलालेखाची नक्कल होत नाही. म्हणून त्यातील प्रमाद वाढत नाही. पोथीची गोष्ट निराळी. पोथी एका लेखनिकाकडून दुसऱ्याकडे जाते, आणि एकाने केलेली चूक पुढील प्रत्येक प्रतीत उतरते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, ती असेच अपपाठ आणि प्रक्षेप वेगळे काढण्यासाठी. एखादा शब्द बदलला तर तो अपपाठ. बाहेरचा मजकूर मूळ संहितेत येऊन बसला तर तो प्रक्षेप.

कर्करोगाची उत्पत्ती समजून घेण्यास हे दोन शब्द पुष्कळच उपयोगी पडतात. कारण शरीरातील प्रत्येक पेशीच्या केंद्रकात जे लिखित आहे, ते शिलालेखासारखे नसून पोथीसारखे आहे. पेशी दुभंगताना त्याची प्रत करावीच लागते.

ही पोथी डी. एन. ए. या दीर्घ रेणूच्या रूपाने असते. तिची वर्णमाला अवघ्या चार अक्षरांची आहे : ए, टी, जी आणि सी. माणसाच्या एका गुणसूत्रसंचात अशी सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. तीन अक्षरांचा एक शब्द होतो, आणि बहुतेक शब्द एकेका अमिनो आम्लाचा निर्देश करतात. शब्दांच्या ज्या वाक्यापासून एखादे प्रथिन घडते, त्या वाक्यास जनुक म्हणतात. माणसाच्या पोथीत प्रथिने घडविणारी अशी सुमारे २०,००० वाक्ये आहेत. पेशीतील लेखनिक अत्यंत दक्ष असतो. तो लिहितानाच स्वतःची चूक तपासतो, आणि त्याच्या मागून दुरुस्ती करणारी दुसरी यंत्रणा येते. सर्व तपासणीनंतर राहणाऱ्या चुकांचे प्रमाण शंभर कोटी अक्षरांमागे एक किंवा त्याहूनही कमी असते. तथापि शरीरात आयुष्यभर इतक्या पेशी दुभंगतात की काही चुका राहणारच. या कायम राहिलेल्या बदलास उत्परिवर्तन म्हणतात.

बहुतेक उत्परिवर्तने निरुपद्रवी असतात. परंतु एकच अक्षर किती अनर्थ करू शकते, याचे उदाहरण १९८२ साली मिळाले. अमेरिकेतील शास्त्रज्ञ मूत्राशयाच्या कर्करोगातील एका जनुकाचे परीक्षण करीत होते. ‘रास’ या नावाच्या त्या जनुकापासून १८९ अमिनो आम्लांचे प्रथिन होते. निरोगी पेशीत त्यातील बारावा शब्द ‘जीजीसी’ असा असतो. रोगट पेशीत तो ‘जीटीसी’ असा झालेला आढळला. मधले एक अक्षर बदलल्याने ग्लायसिनच्या जागी व्हॅलिन आले. ‘रास’ प्रथिनाचे काम पेशीला वाढीची आज्ञा पोहोचवून नंतर थांबण्याचे असते. बदललेल्या प्रथिनास थांबता येईना, आणि वाढीची आज्ञा चालूच राहिली.

दुसऱ्या प्रकारची जनुके वाढीस आवर घालतात. त्यांपैकी ‘आरबी’ हे जनुक बालकांच्या दृष्टिपटलाच्या कर्करोगाच्या अभ्यासातून उजेडात आले. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. एक बिघडली तरी दुसरी काम निभावते. या रोगात एकामागून एक असे दोन आघात व्हावे लागतात, असा सिद्धान्त आल्फ्रेड नड्सन यांनी १९७१ साली मांडला व तो पुढे खरा ठरला. ‘पी-५३’ हे प्रथिनही याच वर्गातले. त्याचे काम मुद्रितशोधकासारखे आहे. पोथीत बिघाड दिसला की ते पेशीचे विभाजन रोखते, दुरुस्तीस अवसर देते, आणि दुरुस्ती अशक्य असेल तर पेशीला मरण स्वीकारावयास लावते.

येथे पोथीच्या उपमेची एक मर्यादा ध्यानात घ्यावयास हवी. पोथीतील चुकीमुळे त्या पोथीच्या प्रती अधिक निघत नाहीत. पेशीचे तसे नाही. ज्या चुकीमुळे पेशी अधिक वेगाने दुभंगते, ती चूक आपली वंशावळ स्वतःच वाढविते. त्या वंशातील एखाद्या पेशीत दुसरी चूक होते, पुढे तिसरी. अशा रीतीने वर्षानुवर्षे अपपाठ साचत जातात, आणि म्हणूनच बहुतेक कर्करोग उतारवयात दिसू लागतात. चुकांचा हा वेग वाढविणारी कारणे बाहेरचीही असतात. तंबाखूतील नायट्रोसमाइन द्रव्ये डी. एन. ए.च्या अक्षरांना चिकटून त्यांचे वाचन बिघडवितात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ साली तोंडाच्या कर्करोगाच्या १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला होता. तंबाखू, सुपारी आणि मिश्री यांच्या सवयी असलेल्या या प्रदेशात तो विषय आजही जुना झालेला नाही.

आता प्रक्षेपाकडे वळावे. विषाणू हा मराठी शब्द अन्वर्थक आहे, कारण मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही विष असाच आहे. परंतु हे विष म्हणजे एक लहानसे लिखित होय. विषाणूला स्वतःचा लेखनिक-परिवार नसतो. तो आपला मजकूर पेशीकडून लिहवून घेतो. कोंबड्यांमधील अर्बुद पेशीविरहित द्रवाने दुसऱ्या कोंबडीस होऊ शकते, हे पेटन राउस यांनी १९११ साली दाखविले. १९३६ साली जॉन बिटनर यांनी उंदरांमधील स्तनाच्या कर्करोगाचे कारण मातेच्या दुधातून पिलांकडे जाते असे दाखविले. ते कारण म्हणजे विषाणू असल्याचे पुढे सिद्ध झाले. या उंदरांवरील संशोधनात एका मराठी शास्त्रज्ञेचा वाटा आहे. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाचे शिक्षण घेतले, आणि परतल्यावर मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्या विषयाची प्रयोगशाळा उभी केली.

गाय यांच्या प्रयोगशाळेचे नाव आणखी एका कारणाने प्रसिद्ध आहे. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रीच्या गर्भाशयमुखातील अर्बुदाच्या पेशी तेथे वाढविण्यात आल्या. त्यासाठी तिची अनुमती घेतलेली नव्हती. ती त्याच वर्षी वारली. ‘हेला’ या नावाने तिच्या पेशी मात्र जगभरच्या प्रयोगशाळांत अद्याप वाढत आहेत. त्या अशा अखंड का वाढतात, याचा उलगडा १९८० नंतरच्या दशकात झाला. हाराल्ड त्सुर हाउझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मानवी पॅपिलोमा विषाणूचा सोळावा प्रकार १९८३ साली व अठरावा १९८४ साली शोधून काढला. हेला पेशींच्या पोथीत अठराव्या प्रकाराचा मजकूर घुसलेला सापडला.

या विषाणूचे लिखित सुमारे ८,००० अक्षरांचे, म्हणजे मानवी पोथीच्या मानाने एखाद्या ओळीएवढेही नाही. त्यातील दोन जनुके घातक आहेत. ‘ई-६’ या जनुकाचे प्रथिन मुद्रितशोधक ‘पी-५३’चा नाश घडवून आणते, ‘ई-७’चे प्रथिन ‘आरबी’ या आवर घालणाऱ्या प्रथिनास निकामी करते. जे घडण्यास एरवी अनेक अपपाठ लागले असते, ते एका प्रक्षेपाने साधते. विषाणूच्या लिखितात या दोहोंना मर्यादेत ठेवणारा ‘ई-२’ नावाचा भागही असतो. परंतु विषाणूचा मजकूर पेशीच्या गुणसूत्रात घुसताना बहुधा हाच भाग तुटतो, आणि ‘ई-६’ व ‘ई-७’ बेलगाम होतात.

तरीही विषाणूचा संसर्ग म्हणजे कर्करोग नव्हे. हा संसर्ग अगदी सर्वसामान्य आहे, आणि बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून तो वर्षा-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. तो ज्या थोड्या स्त्रियांत टिकून राहतो, त्यांच्या पेशींना मुद्रितशोधक उरत नाही. म्हणून पुढच्या चुका तपासल्याविना साचत जातात. कर्करोग होण्यास त्यानंतरही साधारणतः दहा ते वीस वर्षे लागतात. सारांश, प्रक्षेप दार उघडतो आणि अपपाठ आत येतात. उत्परिवर्तन आणि विषाणू ही दोन स्वतंत्र कारणे नसून एकाच घटनेच्या दोन वाटा होत.

ही दहा-वीस वर्षांची मुदत हीच या रोगातील आशेची जागा आहे, आणि तिची परीक्षा महाराष्ट्रातच झाली. बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली होती. तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि लिऑं येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ पासून उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. गावांचे ५२ समूह चार गटांत विभागले गेले. एका गटात विषाणूच्या डी. एन. ए.ची तपासणी एकदाच झाली. दुसऱ्यात पेशींची सूक्ष्मदर्शकीय तपासणी. तिसऱ्यात सौम्य ॲसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी. चौथ्या गटाला केवळ नेहमीची आरोग्यसेवा उपलब्ध होती. २००९ साली आठ वर्षांचे फलित प्रसिद्ध झाले. तपासणी न झालेल्या गटात ६४ स्त्रिया या रोगाने दगावल्या होत्या. विषाणूची तपासणी झालेल्या गटात ३४. बळावलेल्या अवस्थेतील रोग पहिल्या गटात ८२ जणींत व दुसऱ्यात ३९ जणींत आढळला. आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीने मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. ज्या गटाला तपासणी मिळाली नाही, त्याच्याविषयी पुढे नैतिक वाद झाला, आणि तो होणे योग्यच होते. त्या ६४ मरणांच्या तुलनेनेच इतरांचे वाचणे सिद्ध झाले, ही गोष्ट विसरता येत नाही.

प्रक्षेप होऊच नये यासाठी लसही आहे. तिच्यात विषाणूचे केवळ बाह्य कवच असते, आतील लिखित नसते. म्हणून तिच्यापासून संसर्ग संभवत नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने सिद्ध केलेल्या लसीस भारतात २०२२ साली परवानगी मिळाली. गर्भाशयमुखाच्या सुमारे सत्तर टक्के कर्करोगांना कारण होणारे सोळावा व अठरावा हे दोन्ही प्रकार तिच्या कक्षेत येतात.

एवढे ज्ञान हाती असूनही २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी अवघ्या १.९ टक्के स्त्रियांनी ही तपासणी कधी तरी करविल्याचे आढळले. २०२२ सालच्या अंदाजानुसार देशात या एका रोगाने सुमारे ८०,००० स्त्रिया मृत्यू पावल्या. यामागे साधनांची उणीव आहे, तशीच शब्दांचीही आहे. कर्क म्हणजे खेकडा; रोगाच्या नावातच न सुटणाऱ्या नांगीचे चित्र आहे, आणि ते ऐकणाऱ्याच्या मनात मरणच उभे करते. ‘गर्भाशयमुख’ हा शब्द ग्रंथांत आहे, पण घरात उच्चारला जात नाही. आणि ज्या अवयवाचे नाव घेता येत नाही, त्याची तपासणी कोणी मागत नाही. रोग जडण्यापूर्वी वर्षानुवर्षे त्याचा मजकूर वाचता येतो, आणि वेळीच वाचला तर तो पुढे लिहिला जाण्याचे थांबविता येते. ही गोष्ट धाराशिवच्या गावांत सिद्ध झाली. ती घरच्या भाषेत सांगितली जाणे अद्याप बाकी आहे.