पहिली नोंद काट्यावरच

सोयाबीनची सोंगणी आटोपली की बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यापुढे दरवर्षी तोच प्रश्न असतो: माल आज विकायचा की थांबायचं? आवक वाढलेली, भाव उतरलेला आणि घरात पैशांची नड. या कोंडीवरचा एक उपाय म्हणजे शेतमाल तारण कर्ज. राज्याचं कृषी पणन मंडळ १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत ही योजना राबवतं. सोयाबीन, तुरीसारख्या मालावर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी सहा टक्के व्याजाने मिळते. १९८६ साली स्थापन झालेल्या बुलढाणा अर्बन पतसंस्थेनेही गोदामं उभारून त्यातल्या मालावर कर्ज देण्याचं काम मोठ्या प्रमाणावर केलं. या सगळ्या व्यवहाराचा भार असतो गोदामपावती नावाच्या एका कागदावर. व्यवसाय सांभाळणारं सॉफ्टवेअर नेमकं काय करतं, हे या पावतीच्या मागे मागे गेलं की चांगलं कळतं.

समजा, एका शेतकऱ्याचे तीस कट्टे गोदामात आले. काट्यावर वजन झालं, ओलावा तपासला, हमालांनी थप्पी लावली. जुन्या पद्धतीत वजन काट्याच्या चिठ्ठीवर राहतं, कट्ट्यांची संख्या गोदामाच्या रजिस्टरमध्ये, पावतीची स्थळप्रत पुस्तकात, कर्ज खतावणीत आणि विमा वेगळ्याच फायलीत. माल एक, नोंदी पाच, त्याही पाच वेगळ्या हातांच्या. पुढे भाव वधारला आणि शेतकरी दहा कट्टे सोडवायला आला, तर पाचही ठिकाणी वजावट व्हायला हवी. एका ठिकाणी राहून गेली की गोदामात वीस कट्टे आणि कागदावर तीस, आणि हा फरक लक्षात येतो तो थेट लेखापरीक्षणात. ईआरपी नावाचं सॉफ्टवेअर ही पाच दप्तरं एकत्र बांधतं. काट्यावरची नोंद एकदाच होते. साठा, कर्ज, व्याज, विमा हे सगळं तिच्यातूनच आकडे घेतं. ग्राहकसंबंधांचं सॉफ्टवेअर, म्हणजे सीआरएम, शेतकऱ्याच्या बाजूचा हिशेब ठेवतं: तारणाची मुदत कधी संपते, त्याने काय विचारलं होतं, त्याला काय शब्द दिला होता, तक्रार कोणाकडे अडली आहे. बाजारात ही दोन उत्पादनं म्हणून विकली जातात. माझ्या मते ती एकाच नोंदीची दोन टोकं आहेत. गोदामातला आकडा चुकीचा असेल, तर शेतकऱ्याला वेळेवर पाठवलेला संदेशही चुकीचाच जाणार.

म्हणून सॉफ्टवेअर कोणतं घेतलं यापेक्षा पहिली नोंद कुठे आणि कधी होते, हे मला अधिक महत्त्वाचं वाटतं. दिवसभर वहीत लिहायचं आणि संध्याकाळी कार्यालयात बसून संगणकात भरायचं, असं चाललं तर संस्थेने वही टाकलेली नसते, एक सहावी वही वाढवलेली असते. २०१७ च्या राज्याच्या कर्जमाफीत हा प्रकार फार मोठ्या प्रमाणावर दिसला. शेतकऱ्यांचे ऑनलाइन अर्ज एकीकडे, बँकांनी दिलेली माहिती दुसरीकडे, आणि दोन्ही जुळेनात म्हणून पात्र माणसंही ताटकळली. २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत अर्जच मागवले नाहीत. बँकांच्या कर्जखात्यांवरून याद्या लावल्या आणि आधार प्रमाणीकरण करून घेतलं. संगणक दोन्ही वेळा होते. दुसऱ्या वेळी माहिती मुळापासून उचलली गेली.

आता हा विषय गावातल्या सोसायटीपर्यंत आला आहे. २९ जून २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. तरतूद २,५१६ कोटींची, आणि नाबार्डच्या देखरेखीखाली सर्वांसाठी एकच ईआरपी. ज्या बुलढाणा जिल्ह्याच्या मध्यवर्ती बँकेला परवान्यासाठी झगडावं लागलं आणि २०१४ च्या केंद्राच्या पुनरुज्जीवन योजनेत जावं लागलं, तिथे सोसायटीच्या हिशेबाची किंमत वेगळी सांगायला नको. लहान संस्थेला परवडत नाही हा आक्षेप या योजनेमुळे बराचसा निकाली निघाला आहे. प्रशिक्षणाचा प्रश्न मात्र उरतो. अनेक सोसायट्यांचं दप्तर एकाच गटसचिवाच्या खांद्यावर असतं. त्याला नवी यंत्रणा शिकवायची आणि जुन्या वह्याही सुरू ठेवायला सांगायच्या, हा त्याच्यावर अन्याय आहे.

यंत्रणेत माणसाची ओळख हरवते, हा दुसरा आक्षेप मी मनापासून मानतो. गटसचिव प्रत्येक सभासदाला नावानिशी ओळखतो. कोणाच्या घरी लग्न आहे, कोणाची तूर वाळली, हे त्याला ठाऊक असतं. ही ओळख कोणतंच सॉफ्टवेअर देणार नाही आणि ती मोडूही नये. पण व्याजसवलत मुदतीत फेडलेल्या कर्जाला मिळते, आणि ती तारीख जर एकाच माणसाच्या डोक्यात असेल, तर त्याची बदली झाल्यावर नुकसान सभासदाचं होतं. शिवाय ज्याच्याकडे माहिती, त्याच्याकडेच हात जोडून जावं लागतं. आपल्याच खात्याचा आकडा सभासदाला कोणाची मर्जी न सांभाळता मिळाला पाहिजे. वीज आणि नेटवर्क जातं ही तक्रारही खरी आहे. त्यासाठी काट्यावर क्रमांक छापलेली चिठ्ठी ठेवावी आणि लाइन आल्यावर त्याच क्रमांकाने नोंद चढवावी.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. वहीतली चूक एका पानावर राहते. जोडलेल्या यंत्रणेतली चूक क्षणात सगळीकडे पोचते आणि ‘संगणकात असंच दिसतंय’ म्हणून शेतकऱ्यालाच खोटं ठरवलं जातं. हा धोका नाकारून चालणार नाही. म्हणून खरेदीपूर्वी संचालकांनी विक्रेत्याला दोन गोष्टी काट्यापाशी उभं राहून करून दाखवायला सांगाव्यात. नोंद होताच वजन, ओलावा आणि थप्पी क्रमांक असलेली मराठी पावती तिथेच शेतकऱ्याच्या हातात पडते का? आणि चुकीची नोंद दुरुस्त केली, तर जुना आकडा, नवा आकडा आणि दुरुस्ती करणाऱ्याचं नाव तिन्ही कायम राहतात का? हे जमत नसेल, तर पडद्यावरचे रंगीत आलेख कितीही चांगले दिसले तरी सह्या करू नयेत.